रांग बदलते, पत्ता नाही

१

सकाळी चहाच्या आधी दाराची बेल वाजली तर बातमी वाईटच असते, असं साइटवालीचं मत होतं. चांगली बातमी फोनवर येते, नाहीतर येतच नाही. म्हणून बेल ऐकल्याबरोबर तिने चहाखालचा गॅस बंद केला, छातीवर हात ठेवला आणि नवऱ्याला हाक मारली, "अहो, तुम्ही बघा ना."

"पाल दिसली की मी, झुरळ दिसलं की मी. आता माणूस आला तरी मीच?" नवरा कुरकुरत उठला.

दारात छोटी उभी होती. छोटी नुसती नावाची छोटी. अंगापिंडाने दारात मावेना. कोटाची बटणं एक घर चुकून लावलेली, आणि हातातला फोन असा धरलेला की जणू विस्तवच.

"मावशी, आत्याला कुणीतरी मारणार आहे."

साइटवाली मटकन खुर्चीत बसली. लोकांच्या दुकानांच्या, शिकवण्यांच्या वेबसाइट बांधून देणं हा तिचा धंदा. तोही ठेचा खात, आपला आपण शिकलेला. पोलिसात ओळख नाही, कुणाला मारामारीत सोडवल्याचा अनुभव नाही. लिफ्टमध्ये चढायचीसुद्धा तिची हिंमत नव्हती. पण आत्या म्हणजे तिची जिवाची मैत्रीण. कपडे दुरुस्त करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि त्याबद्दल ती लिहायचीही झकास. ते लिखाण लोकांपुढे यावं म्हणून साइटवालीने तिला साइट करून दिली होती: 'फाटलं तर शिवू'. मग एक दिवस आत्याच्या मेंदूत गुठळी झाली. उजवं अंग गेलं, वाचा गेली. अक्षरंही गेली, कागदावर मुंग्या फिराव्यात तशी ती दिसतात, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून साइट तशीच पडून होती, झाकून ठेवलेल्या मशीनसारखी.

"हे बघा. आज सकाळी उघडली तर हे."

साइटच्या पहिल्या पानावर सगळ्यात नवे लेख वर दिसतात. साइटवालीने चष्मा चढवला आणि वरचे तीन वाचले.

रक्ताचे डाग: थंड पाणी, घाई नको
गळ्याशी आवळत असेल तर
शेवटचा टाका, मग गाठ

"हे तर जुने लेख," ती म्हणाली, पण आवाज तिचा तिलाच परका वाटला.

"जुने आहेत, मग वर कसे आले? परवा आवळणारा गळा एकटाच वर होता. मला वाटलं, साइटचंच काहीतरी बिघडलं असेल. आज बघते तर तिघं रांगेत. तो मधला उघडा ना."

साइटवालीने उघडला. शर्टाची कॉलर सैल कशी करायची याचा साधा लेख. जवळून काढलेला एका निळ्या कॉलरचा फोटो. आणि शेवटची ओळ, आत्याच्या नेहमीच्या गप्पिष्ट थाटातली: 'हा शर्ट ज्याचा, तो मला सांगून गेलाय, की श्वासाला वाट ठेवा, नाहीतर माणूस झोपेतच जातो आणि शेजारच्याला पत्ता लागत नाही.'

गॅस बंद होता, तरी चहाचं पातेलं आपोआप वाजलं. साइटवाली किंचाळली.

२

पातेलं निवताना वाजतं, हे तिच्या नवऱ्याने तिला समजावून सांगितलं. मग तो ऑफिसला गेला, आणि दोघी टेबलाशी लॅपटॉपपुढे बसल्या.

"लेख आपोआप वर येत नाहीत," साइटवाली म्हणाली. "साइटवर सगळे तारखेने रांगेत उभे असतात. नवा पुढे, जुना मागे. जुन्याला पुढे आणायचं असेल तर त्याची तारीख बदलायची. आजची घातली की आला पुढे. तारीख म्हणजे रांगेतली जागा, एवढंच."

"म्हणजे कुणीतरी मुद्दाम बदलली."

"मुद्दाम. आणि आत्याच्याच खात्यातून." तिने आणखी थोडं चाळलं आणि थबकली. "हा बघ, एक लेख गायबही आहे. चार भोकांच्या बटणाचा. काढून नाही टाकलेला. याची तारीख पुढच्या वर्षीची झालीय. पुढची तारीख पडली की लेख लपतो आणि तो दिवस उजाडेपर्यंत आत वाट बघत बसतो."

"लपवला? का?"

"लपवला, नाहीतर कुणाचं बोट घसरलं." साइटवालीने कपाळ चोळलं. "आणि एक गंमत बघ. गंमत कसली, भीतीच. ज्याच्याकडे किल्ली आहे त्याला काय वाट्टेल ते लिहिता आलं असतं. 'तुला बघून घेतो' लिही, 'दिवस मोज' लिही. पण नवा शब्द एकही नाही. सगळे शब्द आत्याचेच. नुसती रांग हलवलीय."

"पासवर्ड कुणाकुणाकडे आहे?"

पासवर्ड म्हणजे आत्याच्या घरचं उघडं गुपित. दादाकडे, म्हणजे छोटीच्या मोठ्या भावाकडे; आत्या राहते त्याच्याच घरी. सिस्टरकडे, जी दिवसभर आत्याचं सगळं करते. आत्याला तिचे जुने लेख टॅबलेटवर बघायला मिळावेत म्हणून दादानेच तिला तो दिला होता. बटणवाल्याकडे, ज्याने एकदा हौसेने बटणांवर लेख लिहिला होता. छोटीकडे.

"आणि माझ्याकडे," साइटवाली म्हणाली.

"म्हणून तर आधी इथे आले. फोन नाही केला. तुमचा चेहरा बघायचा होता."

"मग? काय दिसलं?"

"माझ्यापेक्षा जास्त घाबरलायत तुम्ही. तुमचं नाव काढून टाकलं मी."

अशा रीतीने, केवळ भित्रेपणाच्या जोरावर, साइटवाली संशयितांतून सुटली आणि तपासाला लागली.

३

दादाचं घर चौथ्या मजल्यावर. छोटी लिफ्टने गेली, साइटवाली जिन्याने. वर पोचेपर्यंत तिचं हृदय कानात वाजत होतं.

दार सिस्टरने उघडलं. पांढरा एप्रन, नीटनेटका अंबाडा आणि तोंडावर जांभई. "या ताई. माफ करा हं, ही मेली जांभई काही पाठ सोडत नाही."

आत्याची खोली ऊबदार होती. थंडीचे दिवस, खिडक्या लावलेल्या. कोपऱ्यात शिलाई मशीनवर चादर. तिच्या शेजारी कुंडीतलं झाड माना टाकून उभं. पलंगाच्या पलीकडे बाथरूमचं दार. आत्या उशांना टेकून बसली होती, मांडीवर टॅबलेट. गाल कसे छान गुलाबी झाले होते.

"रंग बघा कसा आलाय!" सिस्टर कौतुकाने म्हणाली.

साइटवाली जवळ बसली, तसं आत्याने डाव्या हाताने तिचं मनगट धरलं. धरलं कसलं, आवळलं. तोंडातून नुसता "अ... अ..." असा आवाज. मग तिने मनगट सोडलं आणि बाथरूमकडे बोट दाखवलं.

"हे असं," सिस्टर म्हणाली. "सारखं बोट दाखवतात. मी उठवून, धरून तिकडे नेलं की हात झटकतात! लहान मूल बरं, म्हणावं लागतं. पुन्हा आणून बसवलं की पुन्हा बोट."

आत्याने डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं. मोडक्या शरीरात अडकलेल्या माणसाचं असं व्हायचंच, असं म्हणून साइटवालीने स्वतःचेही डोळे पुसले.

"टॅबलेटवर काय करते ती?"

"फोटो बघतात. आपलेच जुने लेख. वाचता येत नाही, पण फोटोवरून हात फिरवत बसतात. मला बाई भरून येतं. त्यांच्यामुळे तर मी सुई धरायला शिकले. आजारी पडायच्या आधीपासून यायचे मी, हा एप्रन त्यांनीच बेतून दिलाय." सिस्टरचा चेहरा उजळला. "या, तुम्हाला माझं काम दाखवते."

बाथरूममध्ये गीझरच्या वर, छताजवळच्या झरोक्यात चिंध्यांची एक जाड गादी बसवली होती. कडेने बारीक, एकसारखे टाके. "आत्यांच्या पाठीत गार वारा शिरायचा. दादा म्हणाले, पुठ्ठा ठोका. मी म्हटलं, पुठ्ठा कशाला? आत्यांचाच लेख काढला, मापं घेतली, अन् शिवली. आता चिलटसुद्धा आत येणार नाही."

"सुबक आहे हो," साइटवाली मनापासून म्हणाली. टाके खरंच सुबक होते. "लेखांच्या तारखा कुणी हलवल्या, माहितीय?"

"तारखा? मला तेवढं कुठलं येतंय! मी आपली टॅबलेट सुरू करून देते. त्यातच डोकं दुखायला लागतं. खरं सांगू, या घरात आलं की डोकं जड होतं. घरी गेले की हलकं. वय झालं, दुसरं काय."

बाहेर पडताना साइटवालीचंही कपाळ ठणकत होतं. जिन्यातल्या गार हवेत ते थांबलं. भीतीने दुखत होतं, असं तिने ठरवून टाकलं.

खालच्या मजल्यावर छोटी हळूच म्हणाली, "मावशी, तिने माझा हात नाही धरला. तुमचा धरला. का?"

४

बटणवाल्याच्या दुकानात भिंतभर लहान लहान डबे, प्रत्येकावर नमुन्याचं एक बटण शिवलेलं. तो काउंटरमागून ओरडलाच.

"आलात? बरं झालं! माझा लेख कुठे गेला? अहो, त्या लेखावरून गिऱ्हाईक येतं माझ्याकडे. लिंक उघडली की म्हणे पान सापडत नाही. मी काय घोडं मारलंय तुमचं?"

"तुम्ही हात लावला होता का साइटला?"

"मी? मला फोनवर आलेला फोटो मोठा करता येत नाही. तो लेख मी बोललो, आत्याबाईंनी लिहिला."

हे खरं असावं. त्याच्या काउंटरवरच्या फोनची काच इतकी तडकली होती की त्यात तारीख काय, वारही दिसला नसता.

"आत्याला भेटलात अलीकडे?"

बटणवाल्याचा आवाज उतरला. "गेलो होतो. रंगीत दोऱ्यांची रिळं घेऊन, म्हटलं बघून बरं वाटेल. तासभर बसलो. सिस्टर आत कपडे धूत होत्या, गरम पाण्याची वाफ खोलीभर. मधेच उठून चहा दिला त्यांनी. ताई, मी हट्टाकट्टा माणूस. उठलो आणि आत्याबाईंसमोरच भोवळ आली. कसाबसा जिन्याशी येऊन कठडा धरून बसलो. ओकारीच झाली." त्याने इकडेतिकडे बघितलं. "त्या बाईच्या चहात काय असतं, ते आधी शोधा. तारखा नंतर बघा."

दोघी रस्त्यावर आल्या. ऊन होतं, तरी साइटवालीचे दात वाजत होते. सिस्टरची जांभई, आत्याचे मिटलेले डोळे, बटणवाल्याची भोवळ. आणि त्या बाईच्या हातात आत्या दिवसभर, एकटी.

"मावशी, तुम्ही प्यायलात का चहा?"

"नाही ग. घाबरल्यामुळे घोट गेला नसता."

"पण डोकं तुमचं दुखलंच."

साइटवालीने चालता चालता पाय थांबवला. चहा न पिताच दुखलं होतं.

५

दादा गाडी चालवायला शिकवायचा. शिकवणीची गाडी मैदानाच्या कडेला उभी होती, टपावर पाटी, शिकवणाऱ्याच्या पायाशी वेगळा ब्रेक. दादा बॉनेटला टेकून जांभई देत होता. सिस्टरने दिली होती तशीच, जबडा निखळेल अशी.

छोटीने आडपडदा ठेवला नाही. "दादा, आत्याच्या साइटवर धमक्या कोण लिहितंय?"

"कसल्या धमक्या? माझं डोकं फुटायची वेळ आलीय, छोटे. रोज सकाळी असं उठतो, की जणू रात्रभर कुणी हातोडा मारलाय. इथे दुपारपर्यंत उतरतं. संध्याकाळी घरी आंघोळ केली की पुन्हा सुरू."

"विषय बदलू नकोस. किल्ली तुझ्याकडे आहे, घर तुझं आहे, आत्या तुझ्या घरात आहे."

"म्हणून मी तिला मारेन?" दादाचा चेहराच पडला. "ज्या बाईने आपल्या दोघांना वाढवलं तिला? तिच्या पाठीला वारा लागू नये म्हणून झरोकासुद्धा बुजवून घेतला मी. तू येतेस महिन्यातून एकदा, फुलं घेऊन, आणि..."

"भांडू नका रे," साइटवाली काकुळतीला आली. "मला भांडणाची भीती वाटते."

छोटीने रागाने फोन काढला, पुरावा म्हणून साइट उघडली आणि पांढरीफटक पडली. तिघांच्या वर चौथा लेख आला होता. अगदी आत्ता.

पांढरं कापड अंगावर घालण्याआधी

दादाचे दोन्ही हात बॉनेटवर होते, त्याचा फोन गाडीत. म्हणजे दादा नव्हे. बटणवाल्याला त्या फोनवर हे जमणं शक्य नव्हतं. उरलं ते घर, आणि घरात दोनच माणसं.

"सिस्टरला लाव," साइटवाली म्हणाली.

दादाने लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. वाजत राहिली.

"मावशी, तीच आहे! ती बाई..."

"थांब जरा. मला विचार करू दे. घाबरल्याशिवाय मला विचार करता येत नाही, आता भरपूर घाबरलेय." साइटवाली गाडीच्या पायरीवर टेकली. किल्ली हातात असून नवा शब्द लिहिला नाही. का? लिहायचं नव्हतं म्हणून, की लिहिता येत नव्हतं म्हणून? एक तारीख पुढे घसरली. थरथरतं बोट. तारीख बदलायला अक्षर लागत नाही. फोटो ओळखायचा, कॅलेंडरवर बोट टेकवायचं, झालं.

"छोटे," तिचा आवाज चिरकला, "ही आत्याच आहे."

"आत्या? तिला वाचता येत नाही!"

"तेच तर! तिने मथळे वाचलेलेच नाहीत ग. धमकी तू वाचलीस, मी वाचली. ती फोटो बघतेय. कपडा बघतेय. आणि कपडा कुणाचा ते..." ती ताडकन उठली. "अग, मी बैल आहे बैल! पत्ता!"

साइटवरच्या प्रत्येक लेखाला आपला पत्ता असतो, लेख उघडला की वरच्या पट्टीत दिसणारा. मथळा शंभरदा बदला, तारीख हलवून रांगेत मागेपुढे करा, एकदा दिलेला पत्ता तसाच राहतो. तो थोडक्यात, हाताने लिहावा, हे साइटवालीनेच आत्याला शिकवलं होतं. आणि आत्या पत्त्यात कपड्याचा मालक लिहायची. "मथळा लोकांसाठी," ती म्हणायची, "पत्ता माझ्यासाठी. उद्या विसरले, तर कुणाचं काय शिवलं ते तरी कळेल." गंमत म्हणून साइटवालीने ते ऐकलं होतं, आणि रोज ये-जा करणारा माणूस स्वतःच्या दारावरची पाटी जशी वाचत नाही, तसे ते पत्ते तिने कधी वाचले नव्हते.

आता एकेक लेख उघडून ती वरची पट्टी वाचू लागली. रक्ताच्या डागांचा पत्ता: छोटीचा-फ्रॉक.

"झोपाळ्यावरून पडले होते मी," छोटी पुटपुटली. "हनुवटी फुटली होती. ते माझं रक्त आहे?"

शेवटचा टाका: झोपायच्या-खोलीचा-पडदा.

गळ्याशी आवळणारी कॉलर: गीझरवाल्याचा-शर्ट.

श्वासाला वाट ठेवा, नाहीतर माणूस झोपेतच जातो. बाथरूमकडे रोखलेलं बोट. गॅसचा गीझर. चिलटसुद्धा येणार नाही अशी गादी.

"छोटीला बोलवा. गीझरवाल्याला बोलवा. झोपायच्या खोलीत," साइटवालीने सलग वाचलं. "धमकी नाही ग ही. हाका आहेत."

"आणि चौथा? पांढरं कापड?" दादाने विचारलं. त्याचे ओठ सुकले होते.

साइटवालीने उघडला. पत्ता होता: सिस्टरचा-एप्रन.

"ती पडलीय," ती म्हणाली. "सिस्टर आत पडलीय. पळा!"

६

दादा गाडी हाकत होता, साइटवाली शेजारच्या, शिकवणाऱ्याच्या सीटवर, आणि मागे छोटी रुग्णवाहिकेला पत्ता सांगत होती. गाडी दर वळणावर गचके खात थांबत होती.

"मावशी, पाय काढा! तो ब्रेक आहे!"

"मला माहितीय ब्रेक आहे! पाय माझं ऐकत नाही!"

दाराशी गाडी थांबली, तशी ती भावंडं जिन्याकडे धावली. चार मजले धावत चढणं साइटवालीला जन्मात जमलं नसतं. समोर लिफ्टचं दार उघडं होतं. ती आत शिरली, डोळे गच्च मिटले आणि चाचपडत बटण दाबलं. ती पेटी वर जात असताना तिला एवढंच कळत होतं, की गळ्याशी आवळतंय.

लिफ्ट पोचली. ती दोघं अजून जिन्यातच होती. वरून तिने हात पुढे केला, दादाने धावता धावता किल्ली फेकली, आणि ती चक्क झेलली गेली. घरात सगळ्यात आधी शिरणारी बाई पालीला घाबरणारी होती, हे नंतर कुणाला खरं वाटलं नाही. तिलाही नाही.

तिने पदर नाकाशी धरला आणि आत घुसली. कसलाही वास नव्हता. हेच सगळ्यात भयंकर होतं. खोली सकाळसारखीच, ऊबदार, शांत, झोप यावी अशी. बाथरूममधून पाणी वाहिल्याचा आवाज. दारात सिस्टर आडवी, एप्रनचा पांढरा काठ उंबऱ्यावर. पलंगावर आत्या एका कुशीवर कलंडलेली, डावं बोट अजून टॅबलेटवर.

साइटवालीने आधी खिडकी उघडली. अडकली होती, तिने चादर ओढून मशीनचं लाकडी झाकण काचेवर मारलं. दादा आला, त्याने गीझर बंद केला, बादली पालथी घालून तो वर चढला आणि ती सुबक गादी दोन्ही हातांनी उपटून काढली. आडवा वारा आत आला. छोटीने सिस्टरला काखेत धरून बाहेर जिन्यापर्यंत ओढत नेलं; अंगापिंडाचा असा उपयोग तिला आयुष्यात प्रथमच झाला. दादाने आत्याला उचललं.

"आत्या," तो म्हणत होता, "आत्या, आत्या," दुसरा शब्दच नाही. त्याक्षणी त्याचीही तीच गत झाली होती, जी आत्याची इतके महिने होती.

जिन्यातल्या गार हवेत आत्याच्या पापण्या हलल्या. सिस्टर हलली नाही.

७

सिस्टर हलली ती रुग्णवाहिकेत, तोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा चढल्यावर. डोळे उघडल्यावर पहिलं काय म्हणाली, तर "नळ उघडा राहिला का हो?"

गीझरवाला आला, त्याने पाहिलं आणि कानाला हात लावला. गॅस जळायला हवा लागते. झरोका बुजला की तो अर्धवट जळतो, आणि मग होतो तो विषारी वायू. त्याला ना वास ना रंग. माणसाचं डोकं जड होतं, झोप येते, गाल छान गुलाबी दिसतात, आणि मग माणूस उठत नाही. "आत्याबाईंना मी सांगितलं होतं की हो," तो हळहळला, "कॉलर सैल करत होत्या तेव्हाच. झरोका कधी बुजवू नका म्हणून."

"तिने ऐकलं होतं," साइटवाली म्हणाली. "आम्हीच तिचं ऐकलं नाही."

मग इस्पितळात आत्याच्या खाटेशी बाकावर बसून तिने सगळं एकेक करून उलगडलं. सिस्टरने रोज टॅबलेट सुरू करून द्यायचा आणि आत्याने फोटोंमधून माणसं निवडायची. आधी गीझरवाल्याला वर आणला. कुणाला कळलं नाही. मग छोटीला त्याच्या पुढे आणलं, पडद्याला एक तारीख मागे बसवलं. बटणवाल्यालाही आणू बघत होती, त्याची भोवळ तिने पाहिली होती ना. पण बोट घसरलं आणि तो पुढच्या वर्षात जाऊन पडला. आणि समोर सिस्टर कोसळली तेव्हा, स्वतःच्या डोळ्यांवर अंधारी येत असताना, तिने एप्रनचा फोटो शोधून काढला.

"आणि तुमचा हात का धरला तिने," छोटी म्हणाली, "ते कळलं मला. पत्ते तुम्हीच शिकवले होते."

दादा तोंड झाकून बसला होता. "मीच म्हटलं, झरोका बुजवा. वारा लागतो म्हणून."

"आणि शिवला मी," शेजारच्या खाटेवरून सिस्टर रडत म्हणाली. "इतका घट्ट. लेखात लिहिलंय तस्सा."

गुन्हेगार शोधायला निघालेल्या साइटवालीच्या हाती अखेर ही दोन माणसं लागली, दोघांचा गुन्हा एकच. काळजी जरा जास्तच बारीक टाक्यांनी शिवली होती. शिक्षा काय द्यावी ते तिला सुचेना. ते आत्याला सुचलं. तिने डावा हात लांब केला आणि सिस्टरच्या एप्रनची सुटलेली गाठ बोटांनी चाचपली. बांधायला एक हात पुरेना, तसं दादाकडे बघितलं. दादाने उठून गाठ बांधली. सैल.

गीझर आता घराबाहेर गेला आहे. झरोका उघडा आहे, वारा येतो, आणि आत्याच्या पाठीवर शाल असते. साइटवालीने साइटवर आत्यासाठी एक वेगळं पान करून दिलं: नुसते फोटो, एकावर बोट टेकलं की तो आपोआप रांगेत पहिला. तारीखही लागत नाही, घसरायला काही उरलेलं नाही.

एका सकाळी चहाच्या आधी फोन वाजला. बेल नव्हे, फोन.

"मावशी, साइट उघडा," छोटी म्हणाली. तिला हसू आवरत नव्हतं.

सगळ्यात वर एक फोटो होता. करड्या लोकरीचं विणकाम, जवळून काढलेलं, मध्ये रफू केलेलं भोक. मथळा: 'भोक पडलं म्हणून टाकून द्यायचं नसतं'. साइटवालीला ती लोकर ओळखीची वाटली. हल्ली ती मथळ्यावर थांबत नसे. तिने वरची पट्टी वाचली.

भित्रीचं-स्वेटर.

तिने चहाखालचा गॅस बंद केला.

"काय झालं?" नवऱ्याने आतून विचारलं. "कुणी गेलं का?"

"नाही हो," डोळे पुसत ती म्हणाली, "मला बोलावलंय." आणि कपाटातून ते जुनं स्वेटर काढून अंगात घालत, चहा तसाच टाकून, लिफ्टकडे निघाली.